‘आजचं नाक कोण?’ विचारणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई भंगाळे यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या उंबरठ्यावर झाली. चपला काढाव्यात की तसेच मागे फिरावे, या विचारात मी तिथे बराच वेळ उभा होतो.

मी मूळचा धुळ्याचा. जळगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागून थोडेच दिवस झाले होते. माझी पत्नी सुनंदा हिला त्याच सुमारास चाळीसगावच्या शाळेत नोकरी लागली. ती तिथे खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने जळगावला यायची. घरी मी आणि माझी आई. आईच्या मनगटांत संधिवात भरलेला, तिच्या हातून लाटणे सुटायचे. खानावळीचे तेल तिला सोसेना आणि मला चहापलीकडे काही येईना. अशा दिवसांत जुन्या जळगावातल्या एका गल्लीत मला दारावर लावलेली पाटी दिसली: ‘ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकवर्ग.’

ही पाटी माझ्यासाठीच लावली आहे, अशी माझी खात्री पटली. पण आत डोकावलो तर पडवीत सगळ्या मुली आणि बायका. ताईंनी मला पाहिले आणि हातातले पीठ न झटकताच दाराशी आल्या.

“कोण पाहिजे?”

“वर्ग बायकांसाठीच आहे का?”

“पाटीवर तसं लिहिलंय का?”

“नाही.”

“तुम्हाला स्वयंपाकातलं काय काय येतं?”

“चहा येतो. तोही कधी जमतो, कधी नाही.”

“मग बरोबर ठिकाणी आलात. चपला बाहेर काढा आणि लाजही तिथंच ठेवा. जाताना हवी तर घेऊन जा.”

आतल्या बायका हसल्या, मीही हसलो आणि आत गेलो. माझ्यासारखे ताईंच्या हाताखाली शिकलेले शेकडो लोक आज जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आहेत. ताईंना साठ वर्षे पूर्ण होत असताना त्या सगळ्यांच्या वतीने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, याचा मला इतका आनंद झाला आहे की हा मजकूर मी आधी सुनंदाला मोठ्याने वाचून दाखवला, मग शाळेतल्या शिपायालाही.

ताईंच्या वर्गात पहिला पदार्थ नेहमी पिठले असायचा. माझ्या पहिल्या दिवशीही तोच होता. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. पीठ आधी थोड्या गार पाण्यात बोटांनी कालवायचे, गुठळी बोटाला लागेनाशी झाली की उरलेले पाणी. कढईत दोन पळ्या तेल. तेल तापले हे कसे ओळखायचे? ताईंनी मोहरीचा एकच दाणा तेलात टाकला. “बघा, तळाशी बसला. म्हणजे थांबायचं.” जरा वेळाने दुसरा दाणा टाकला. तो वर येऊन नाचायला लागला. “आता बाकीची मोहरी. ती तडतडू द्या. घाई नको. आवाज विरळ झाला की जिरं, मग लसूण आणि मिरची. लसणाच्या कडा तपकिरी दिसल्या की हळद, आणि लगेच कालवलेलं पीठ.” पिठले झाले कधी? उलथने फिरवल्यावर मागे वाट उमटते आणि ती बुजायला वेळ लागतो तेव्हा. वरचे बुडबुडे टप् असा जाड आवाज करून फुटतात तेव्हा.

विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगतो, प्रयोगाची इतकी स्वच्छ कृती मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडली नव्हती. ‘अंदाजाने’ हा शब्द त्या वर्गात चालत नसे. कुणी तो उच्चारला तर ताई म्हणायच्या, “अंदाज शिकून झाल्यावर येतो. ज्याला शिकायचंय त्याला तो सांगून काय उपयोग?” भाकरीचे पीठ किती मऊ? आपल्या कानाच्या पाळीइतके. भातावर पाणी किती? तांदळाला बोट टेकवले की पहिल्या पेरापर्यंत. खेड्यातल्या बाईपासून कॉलेजच्या पोरापर्यंत कुणालाही कळावे असे ते बोलणे. कान, डोळे आणि बोटे सगळ्यांना असतात, एवढ्यावरच त्यांचे शिकवणे उभे होते.

त्या संध्याकाळी मी घरी पिठले केले आणि आईच्या ताटात वाढले. पहिला घास घेऊन तिने माझ्याकडे संशयाने पाहिले.

“हाई कोनी करं?”

“मी.”

“खोटं नको बोलू, दिलीप. शेजारनीनी दिधं व्हई.”

शेजारणीने दिले असणार हा संशय फेडायला दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम चुलीपाशी पाट घेऊन बसली. मी मोहरीचा एक दाणा टाकला, थांबलो, दुसरा टाकला. तिने सगळे नीट पाहिले आणि शेवटी म्हणाली, “बठ्ठं बरोबर शे.” सगळे बरोबर, हे तिच्या तोंडून ऐकून मला बी.एड.चा निकाल लागल्यावर झाला नसेल एवढा आनंद झाला.

आमच्या तुकडीत रेखा नावाची मुलगी होती. पहूरहून लग्न होऊन जळगावला आलेली, माहेरी शेतात राबलेली, पण मोठ्या वहिनींमुळे चुलीपाशी कधी बसायला न मिळालेली. सासरी पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून वरण लागले आणि ती रडत वर्गात आली होती. तिला पोळी गोल जमत नसे. ताई म्हणाल्या, “गोल कशाला पाहिजे? आधी भाजलेली तर होऊ दे. गोल पोळी कच्ची असली तर कोण खाईल?” रेखाने भारताचा नकाशा, पपईचे पान असे काहीबाही आकार करत करत सहाएक आठवड्यांत टम्म फुगणारी पोळी केली. ती फुगली तेव्हा ताईंनी आम्हा सगळ्यांना हातातली कामे टाकून ती पाहायला बोलावले.

ताईंच्या मायेची एक आठवण इथेच सांगतो. मी स्वयंपाक शिकलो, याचे सुनंदाला कौतुक वाटेल अशी माझी समजूत होती. पण एका शनिवारी ती घरी आली, मांडून ठेवलेली ताटे पाहिली आणि काही न बोलता जेवली. रविवारी सकाळी म्हणाली, “आता या घरात माझी गरजच नाही म्हणायची.” मी ही गोष्ट ताईंना सांगितली. पुढच्या रविवारी वर्ग संपताच ताई थेट आमच्या घरी आल्या. सुनंदाला म्हणाल्या, “धुळ्याकडची शेवभाजी मला कधी जमली नाही. रस्सा पातळ होतो आणि शेव विरघळते. तुम्ही शिकवाल का?” सुनंदा आधी गोंधळली, मग पदर खोचून उभी राहिली. ताई तिच्या शेजारी उभ्या राहून एकेक प्रश्न विचारत होत्या, अगदी आमच्यासारखे. शेव केव्हा घालायची? वाढायच्या आधी लगेच. मसाला भाजला हे कशावरून? पुढच्या आठवड्यात ती शेवभाजी ताईंनी वर्गात शिकवली आणि सुरुवातीलाच सांगितले, “ही सुनंदाताईंची.” तेव्हापासून शनिवारचा स्वयंपाक आम्ही दोघे मिळून करतो. आजही.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती ताईंनी स्वतःच परवानगी दिली म्हणून सांगतो.

वैशाखातला रविवार होता. जळगावचे ऊन म्हणजे दुपारी दारे-खिडक्या लावून घेतल्याशिवाय घरात बसवत नाही. आम्ही पडवीत बसून शेवया मोडत होतो. आत स्वयंपाकघरात गॅसवर खिरीचे दूध मंद आचेवर ठेवलेले. दुसरी शेगडी पेटवून तूप तापवावे म्हणून ताई आत गेल्या. रेखा माठातले पाणी आणायला त्यांच्या मागोमाग गेली. पुढच्याच क्षणी रेखाचा आवाज आला, “काडी ओढू नका, ताई.”

मी धावत आत गेलो. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुरू होता. अख्ख्या स्वयंपाकघरात वास कोंदला होता. ताईंच्या एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी, आणि ते मनगट रेखाने दोन्ही हातांनी घट्ट धरलेले. मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना अंगणात कडुनिंबाखाली नेले.

तिथे रेखाने विचारले, “ताई, इतका वास येऊन राह्यला होता. तुम्हाले नाही आला?”

ताई अंगणातल्या ओट्यावर बसल्या होत्या. काडी अजून त्यांच्या हातातच होती.

“नाही आला. मला वासच येत नाही, रेखा. कशाचाच.”

मग त्यांनी सांगितले. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे यजमान, ज्यांना आपण सगळे आबा म्हणतो, असोद्याहून मोटारसायकलवर येत होते. असोदा हे ताईंचे माहेर. वाटेत बैल आडवा आला, गाडी घसरली आणि ताईंचे डोके रस्त्यावर आपटले. महिन्याभरात त्या बऱ्या झाल्या, पण वास गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. आला नाही. खारट, आंबट, गोड, तिखट कळायचे, पण कोथिंबीर आणि मेथी तोंडात सारखीच लागायची. डाळ लागलेली कळेना. एकदा नासलेल्या दुधाचा चहा पाहुण्यांपुढे गेला.

“घरात कुणी मला बोललं नाही,” ताई म्हणाल्या. “सगळे प्रेमानंच वागले. सासूबाईंनी हळूच पळी स्वतःच्या हातात घेतली आणि मला म्हणाल्या, तू बस, आराम कर. त्या प्रेमानंच मी चुलीपासून उठले. मला वाटलं, आता आपण या घरात पाहुण्या.”

त्यांना ते सहन होईना. घरातले बाकीचे झोपले की दुपारी त्या गुपचूप फोडणी करायला लागल्या. आबांना शेजारी उभे करायच्या. “लसणाचा वास सुटला की ‘आता’ म्हणा.” आबा ‘आता’ म्हणाले की त्या सगळे मनात साठवायच्या: लसणाची कड कशी दिसते, तेलाचा आवाज कसा आहे, उलथने जड लागते की हलके. बेसन भाजताना, रवा भाजताना, मसाला परतताना, प्रत्येक वेळी आबांचे ‘आता’. असे करत करत त्या पुन्हा पहिल्यापासून स्वयंपाक शिकल्या.

“तेव्हा मला एक गोष्ट कळली,” त्या म्हणाल्या. “ज्यानं कधी केलंच नाही, त्याचंही माझ्यासारखंच असतं. ‘खमंग वास सुटला की उतरवा’ असं त्याला सांगितलं तर खमंग म्हणजे कोणता वास, हे त्याला कुठं माहीत असतं? म्हणून हा वर्ग काढला.”

मला तेव्हा लख्ख उमगले. इतके महिने ताईंनी शिकवलेल्या कृतींमध्ये वासाचा उल्लेख एकदाही आला नव्हता आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

“आधी का नाही सांगितलं, ताई?” कुणीतरी विचारले.

“सांगितलं असतं तर आला असता तुम्ही?” ताई उठल्या. “आज मात्र तुमच्या जिवावर बेतलं होतं. वर्ग इथंच संपला. घरी जा.”

पुढच्या रविवारी दार बंद होते. पाटी काढलेली. तरी आम्ही आलो. ओट्यावर बसून राहिलो. उन्हाने पाठ भाजत होती, पण रेखा उठायला तयार नव्हती. आबांनी दार किलकिले केले तेव्हा ती त्यांच्याशी न बोलता आत पाहून म्हणाली, “ताई, मले वास येते, पण पोळी नव्हती येत. तुम्ही शिकवली. तुम्हाले पोळी येते, वास नाही येत. तो मी घेईन ना. वाटून घेऊ.”

आतून ताईंचा आवाज आला, “सर आलेत का?”

“आलोय,” मी म्हणालो.

“सिलिंडरची नळी बदलायला पाहिजे. तेवढी बदलून आणा. बाकीच्या आत या.”

त्या दिवसापासून वर्ग सुरू करण्याआधी ताई विचारू लागल्या, “आजचं नाक कोण?” ज्याची पाळी असेल तो हात वर करायचा. त्याने शेगडीपाशी उभे राहायचे, गॅसकडे लक्ष ठेवायचे आणि प्रत्येक टप्प्याला वास कसा येतो ते मोठ्याने सांगायचे. इथे आमची खरी परीक्षा होती. ‘छान वास येतोय’ म्हटलेले ताईंना चालत नसे. “छान म्हणजे कसा? आधीपेक्षा काय बदललं?” मग कुणी म्हणायचे, बेसनाचा कच्चा वास ओल्या भिंतीसारखा असतो, भाजल्यावर तो भाजलेल्या शेंगदाण्याकडे जातो. कुणी म्हणायचे, आले परतले की वास नाकात वर चढतो, कच्चे असले की घशाशी राहतो. ताई ते सगळे मनापासून ऐकत. वर्गाला असा रंग चढला की पाळी चुकली म्हणून भांडणे होऊ लागली.

बाहेर मात्र बोभाटा झाला. नाक नसलेली बाई स्वयंपाक शिकवते, गॅसचा स्फोट होता होता राहिला, अशा गोष्टी तिखटमीठ लावून फिरल्या. काही जणींच्या घरच्यांनी त्यांना यायची बंदी केली. आणि एके दिवशी असोद्याहून ताईंचे थोरले बंधू आले. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. वांगी आणि केळी पिकवणारे मोठे शेतकरी, बहिणीवर जीव असलेले.

“निर्मले,” ते पडवीत बसून म्हणाले, “लोक हसतात. मला ऐकवत नाही. पुरे कर आता.”

“लोक हसतात म्हणून, की तुम्हालाही पटत नाही म्हणून?”

“खरं सांगू? भरिताचं काय करशील? भरीत म्हणजे निम्मा धूर. तो तुला कळत नाही. मग शिकवशील काय?”

ताई उठून आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि नानांपुढे ठेवत म्हणाल्या, “दिवाळीनंतर तुमच्या मळ्यात भरिताला येते. माझा वर्ग घेऊन. ते करतील, मी हात लावणार नाही. तुम्ही भाऊबंद बोलवा, गाव बोलवा. भरीत बिघडलं तर वर्ग बंद करीन. जमलं तर चारचौघांत उभं राहून म्हणायचं, निर्मला शिकवते.”

“म्हणेन,” नाना म्हणाले.

आम्ही सगळे ऐकत होतो. खानदेशात भरीत कसे करायचे यावर प्रत्येकाचे मत असते आणि असोद्यात तर प्रत्येकाचे वांगेसुद्धा स्वतःचे असते.

तो दिवस उजाडला. थंडी मस्त पडली होती. आम्ही काही जण बसने, काही मोटारसायकलींवर असोद्याला पोहोचलो. मळ्यात केळीच्या बागेला लागून मोकळी जागा होती. कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग रचून ठेवलेला, पाटीभर हिरवी, मोठी, पोटाला पांढुरकी वांगी. सतरंज्या अंथरलेल्या. नाना, त्यांचे भाऊबंद, गावातली जाणती माणसे आणि त्यांच्याहून जाणत्या त्यांच्या बायका. माझ्या वाट्याला कळण्याच्या भाकरी आल्या होत्या. ज्वारी आणि उडदाच्या त्या पिठाच्या भाकरी मी थापायला बसलो तेव्हा आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून पाहत होत्या. सुनंदा चाळीसगावहून रजा टाकून आली होती. ती माझ्या शेजारी बसली आणि पिठाचा गोळा बोटांनी दाबून म्हणाली, “कानाच्या पाळीइतकं झालंय. थापा.”

त्या दिवशीचे नाक रेखा होती.

काड्यांवर वांगी ठेवली, जाळ केला. ताई दूर एका बाजेवर बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून. थोडा वेळ सगळे ठीक चालले होते. मग रेखा वाऱ्याच्या दिशेने दोनदा फिरली आणि म्हणाली, “ताई, धूर कडसर लागून राह्यला.”

“कडसर म्हणजे?”

“घशाले टोचते. ओल्या गोणपाटासारखा.”

ताई उठून जाळाजवळ आल्या. धूर पाहिला. तो पिवळट आणि दाट येत होता, जमिनीलगत लोळत होता. ढिगातली एक काडी त्यांनी एका मुलीला मोडायला सांगितली. काडी वाकली, मग चिरफाळली. कट् असा आवाज आला नाही.

“वरच्या काड्यांना दव लागलंय,” ताई म्हणाल्या. “वांगी काढा. सगळी. ढिगाच्या आतल्या काड्या घ्या आणि प्रत्येक काडी मोडून बघा. आवाज आला तरच जाळात.”

बघणाऱ्यांत कुजबुज झाली. अर्धवट भाजलेली वांगी जाळातून काढतात कुठे? नाना मांडी बदलून बसले. आमची सगळी तुकडी काड्यांवर तुटून पडली. कट्, कट्, कट् असा आवाज मळ्यात घुमू लागला. जाळ पुन्हा केला तेव्हा धूर पातळ, निळसर झाला आणि सरळ वर चढला. रेखा वाऱ्यात नाक वर करून उभी होती. सगळे तिच्याकडे पाहत होते.

“गेला,” ती म्हणाली. “कडूपणा गेला.”

वांगी देठापाशी बोट दाबले की आत जाईपर्यंत भाजायची, हे आम्ही पाठ केले होते. देठापाशीच का? कारण तिथे ते सगळ्यात शेवटी शिजते. कुणीही घाई केली नाही. हात ओले करून साली काढल्या, लाकडी मुसळीने गर ठेचला. तेलात शेंगदाणे, लसूण, ठेचलेल्या मिरच्या, पातीचा कांदा. वर कोथिंबीर. रेखा कढईवर वाकली आणि एकदम हसली.

“आला, ताई.”

“कसा?”

“भाजलेल्या कणसासारखा, पण त्याच्याहून गोड. अन् मागून मिरची येते.”

ताईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “बरोबर. उतरवा.”

पंगत बसली. नानांच्या पानात भरीत पडले, माझी भाकरी पडली. त्यांनी घास केला, चावला, पुन्हा घास केला. दुसऱ्यांदा भरीत मागून घेतल्यावर नानांनी हात धुतले आणि उभे राहिले.

“ऐका रे सगळे. हे भरीत निर्मलानं केलेलं नाही. तिनं शिकवलेल्यांनी केलंय. आमच्या घरच्या भरितापेक्षा कमी नाही. निर्मला शिकवते, हे मी इथं उभं राहून सांगतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “धुळ्याच्या मास्तरांची भाकरी तेवढी जाड झालीय.”

“जाड आहे,” ताई म्हणाल्या, “पण कच्ची नाही.”

सगळा मळा हसला. मी तर सगळ्यांत मोठ्याने हसलो. परतताना बसमध्ये आमची तुकडी गाणी म्हणत होती आणि कंडक्टरने आम्हाला लग्नाचे वऱ्हाडी समजून नवरी कुठे आहे विचारले. रेखाने ताईंकडे बोट दाखवले.

त्यानंतर ज्यांच्या घरच्यांनी बंदी केली होती त्या परत आल्या, आणि येताना शेजारणींना घेऊन आल्या. वर्गासाठी पडवी पुरेना, म्हणून आबांनी अंगणात मांडव घातला. जळगावच्या एका साप्ताहिकात ताईंच्या कृती छापून येऊ लागल्या. प्रत्येक कृतीखाली त्या दिवशीच्या नाकाचे नाव आणि त्याने सांगितलेला वास. ‘रव्याचा वास सुटतो तो ऊन लागलेल्या गव्हासारखा: शोभा, दहावी.’ माझ्या माहितीप्रमाणे स्वयंपाकाच्या कृतीखाली दहावीतल्या मुलीचे नाव छापून आल्याचे ते पहिलेच उदाहरण. ताईंना श्रेय वाटून देण्याची हौस अशी आहे.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. ताईंनी निरोप देताना मला विचारले, “तिथं वर्ग कधी काढताय?” मी काढला. धुळ्यातल्या आमच्या घरी नोकरीनिमित्त एकटी राहणारी मुले, नवी लग्ने झालेली जोडपी येऊ लागली. माझ्या वर्गाचे कायमचे नाक माझी आई होती. हाताने काही होत नसले तरी तिचे नाक तल्लख होते. खुर्चीवर बसून ती दुरून सांगायची, “जिरं जयनं रे.” जिरे जळले, एवढे बाहेरून आलेल्या त्या पोरांना आईची बोली येत नसली तरी कळायचे. ताई एकदा मुद्दाम धुळ्याला आल्या तेव्हा आईच्या शेजारी बसून त्यांनी अख्खा वर्ग पाहिला आणि जाताना तिच्या पाया पडल्या. आईला त्याचे इतके अप्रूप वाटले की तिने आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली.

ताईंनी आम्हाला पदार्थ शिकवले. पण मला वाटते त्याहून मोठी गोष्ट त्यांनी शिकवली ती ही, की स्वतःला जे येत नाही ते उघड सांगितले तरी माणसे सोडून जात नाहीत. उलट शेजारी येऊन उभी राहतात आणि त्यांच्याकडे जे आहे ते देतात. शाळेत एखादा मुलगा ‘सर, मला कळलं नाही’ म्हणतो तेव्हा मला त्याचे कौतुक वाटते, ते ताईंमुळे.

साठी आली म्हणजे माणसे आवराआवर करायला लागतात. ताईंनी यंदा पहूरला नवा वर्ग काढायचे ठरवले आहे, रेखाच्या माहेरच्या घरात. शेतकऱ्यांची मुले, मुली, ज्याला यायचे त्याने यावे. मागच्या आठवड्यात मी त्यांना भेटलो तेव्हा त्या बसच्या वेळा पाहत होत्या आणि मला म्हणाल्या, “सर, पहिल्या दिवशी पिठलंच घेऊ ना? की भाताने सुरुवात करू?” पंधराएक वर्षे शिकवूनही हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडल्यासारखा पडला होता. मी भात म्हणालो. त्या म्हणाल्या, “विचार करते.”

ताई, तुमच्या गुडघ्यांना भरपूर बळ मिळो, पहूरची बस तुम्हाला रोज बसायला जागा देवो, तुमची झोप शांत आणि भूक चांगली राहो. आबांची साथ तुम्हाला अशीच लाभो. खानदेशात अजून असंख्य पोरापोरींना पहिल्यांदा शेगडी पेटवायची आहे आणि त्या प्रत्येकाच्या शेजारी तुम्ही उभ्या असाव्यात, एवढी वर्षे तुम्हाला मिळोत.